गोदाकाठची गस्त: कशी उभारावी, काय पाहावे, कोठे कळवावे

त्र्यंबकच्या डोंगररांगेत पडणारा पाऊस दोन समुद्रांमध्ये वाटला जातो. वैतरणेच्या वाट्याचे पाणी पश्चिमेला अरबी समुद्राकडे उतरते आणि ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी मात्र जवळचा समुद्र सोडून पूर्वेकडे वळते, आणि सुमारे १,४६५ किलोमीटरची वाट चालून बंगालच्या उपसागराला मिळते, जेथे तिच्या मुखाशी कोरिंगाचे खारफुटीचे जंगल उभे आहे. किनारपट्टीच्या पाण्याची राखण ही केवळ कोळीवाड्यांची जबाबदारी आहे, असे म्हणूनच नाशिककराला म्हणता येत नाही. नाशिकचा मैला जसाच्या तसा समुद्रात पोहोचतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्याच्या आधी तो सायखेडा, चांदोरी, नांदूरमध्यमेश्वर आणि पुढे पैठणचा नाथसागर यांच्या वाट्याला येतो. पण खालच्या माणसाने वरच्या माणसावर विसंबावे अशीच नदीची रचना असते, आणि गोदावरीवरचे पहिले मोठे शहर आपले आहे.

नागरिकांनी पाण्यावर पाळत ठेवावी ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीवर १९६६ मध्ये मासेमारांनी संघटना बांधली, पाण्यात घाण टाकणाऱ्याची खबर देणाऱ्याला दंडाचा अर्धा हिस्सा देणारा १८९९ चा एक विस्मरणात गेलेला कायदा शोधून काढला, आणि १९८३ मध्ये त्या नदीवर पूर्णवेळ गस्तीची होडी सुरू झाली. आपल्याकडे तसे बक्षीस नाही आणि उन्हाळ्यातील नासर्डी या आपल्या उपनदीत होडी तरंगणारही नाही. येथे गस्त पायी घालायची असते आणि तिला मुख्यतः एक वही लागते. या लेखात त्या वहीलाच सर्वाधिक जागा दिली आहे, कारण आमच्या अनुभवात गस्त टिकते किंवा फसते ती तिच्यामुळेच.

गस्त म्हणजे काय नव्हे

काही वर्षांपूर्वी आमच्या चार-पाच जणांच्या गटाने दिलेली पहिली तक्रार अर्ध्या पानाची आणि संतापाने ओथंबलेली होती. नासर्डीत रोज घाण पाणी सोडले जाते, तरी त्वरित कारवाई व्हावी, एवढाच तिचा मजकूर होता. सुमारे तीन आठवड्यांनी संबंधित कार्यालयाचे उत्तर आले की प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी असे काही आढळून आले नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. पाहणी बहुधा दुपारी झाली असावी; आम्ही ते पाणी पाहत होतो पहाटे साडेपाचला. उत्तर खोटे नव्हते, हीच त्यातली अडचण होती. कोणत्या ठिकाणी, किती वाजता, किती दिवस, हे आम्ही कोठेच लिहिले नव्हते, आणि जे लिहिलेले नाही ते शोधायला कोणी पहाटे उठत नाही.

गस्त ही स्वच्छता मोहीम नव्हे. निर्माल्य आणि प्लास्टिक गोळा करणारे गट शहरात आहेत, त्यांचे काम मोलाचे आहे, पण एकाच सकाळी कचरा वेचणे आणि बारकाईने पाहणे ही दोन्ही कामे नीट होत नाहीत. गस्त म्हणजे पकडापकडीही नव्हे. घाटावर धुणे धुणाऱ्या बाईवर मोबाइल रोखून किंवा दशक्रियेला आलेल्या कुटुंबाशी हुज्जत घालून नदीचे काही भले होत नाही. एका फुटलेल्या चेंबरमधून एका तासात नदीत जाणारे मैलापाणी या सर्वांच्या उपद्रवापेक्षा कितीतरी अधिक असते. गस्तीचे काम एवढेच की ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, न चुकता जावे, जे दिसले ते लिहावे, आणि ते लिहिलेले योग्य टेबलापर्यंत पोहोचवून त्याचे पुढे काय झाले याचाही माग ठेवावा.

टप्पा आणि माणसे

सगळी गोदावरी राखायला निघालेला गट महिन्याभरात विस्कटतो. दीड-दोन तासांत चालून होईल एवढाच टप्पा घ्यावा, म्हणजे साधारण तीन किलोमीटर, आणि त्यावर सहा-सात थांबे निश्चित करावेत. मुख्य नदीवर सोमेश्वर ते आनंदवल्ली, आसारामबापू पूल ते होळकर पूल, रामकुंड ते तपोवनातील कपिला संगम आणि दसक-पंचक ते ओढा असे टप्पे सहज पडतात. मात्र आमचा आग्रह असा की सुरुवात उपनद्यांपासून करावी. नासर्डी, जिला आता कागदोपत्री नंदिनी म्हणतात, सातपूरकडून येऊन आयटीआय पूल, उंटवाडी आणि पुणे रस्त्यावरील नासर्डी पूल ओलांडत टाकळीला गोदावरीत मिळते. वाघाडी पंचवटीतून उतरते. वालदेवी नाशिकरोडकडून दारणेला मिळते. रामकुंडावर हजारो डोळे असतात, उंटवाडीच्या पुलाखाली कोणी डोकावत नाही, आणि उपनदीचे पात्र लहान असल्याने बाहेरून आलेले पाणी तेथे चटकन ओळखू येते.

थांबे निवडताना एक नियम कटाक्षाने पाळावा. प्रत्येक नाल्याच्या किंवा पाइपच्या तोंडाशी दोन थांबे असावेत, एक त्याच्या वरच्या अंगाला आणि एक खालच्या अंगाला. नुसते खालचे पाणी खराब आहे असे म्हटले की, ते वरूनच तसे येते, हे उत्तर तयार असते. वरचे आणि खालचे पाणी दहा मिनिटांच्या अंतराने पाहिले, की मधल्या तोंडातून काय मिसळले हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रत्येक थांब्याला क्रमांक द्यावा, त्याचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरून टिपावेत आणि शेजारची न हलणारी खूण लिहून ठेवावी. पुलाचा कठडा चालतो, चहाची टपरी चालत नाही.

माणसे फार लागत नाहीत. आठवड्यातून दोन फेऱ्या, एक पहाटे आणि एक संध्याकाळी उजेड असताना, अशा धरल्या आणि दोघांच्या सहा जोड्या मिळाल्या, तर प्रत्येक जोडीची पाळी तीन आठवड्यांतून एकदाच येते. एवढे नोकरदार माणसालाही झेपते. गटात विज्ञानाचा एखादा निवृत्त शिक्षक, पाणीपुरवठा किंवा ड्रेनेजचे काम पाहिलेला एखादा निवृत्त शाखा अभियंता आणि अर्ज लिहिण्याचा कंटाळा नसलेला एक जण असेल तर गाडी रुळावर राहते. याशिवाय काठावरच ज्यांचा दिवस जातो त्यांच्याशी ओळख ठेवावी. म्हशी धुणारे, जाळे टाकणारे, घाटावरचे फुलवाले यांना पाणी कोणत्या वारी आणि किती वाजता बदलते हे तोंडपाठ असते. आमच्या फेरीची वेळ पहाटेची झाली ती अशाच एका गुराख्याच्या सांगण्यावरून.

पैशांविषयी एकच सांगावेसे वाटते. ज्या टप्प्यावर गस्त घालायची त्या टप्प्यावरील कारखान्याकडून, हॉटेलकडून किंवा बांधकाम व्यावसायिकाकडून टोप्या आणि टी-शर्टसुद्धा घेऊ नयेत.

वही

वही बांधीव असावी, पानांवर क्रमांक छापलेले किंवा आधीच घातलेले असावेत, आणि नोंद जागेवरच, शाईच्या पेनाने करावी. घरी येऊन आठवून लिहिलेली नोंद सुवाच्य असते, पण तिच्यावर विश्वास कमी बसतो. चूक झाली तर खाडाखोड न करता एका रेषेने मजकूर कापावा आणि बाजूला सही करावी. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, थांब्याचा क्रमांक, मागील चोवीस तासांतील पाऊस, गंगापूर धरणातून विसर्ग किंवा आवर्तन सुरू आहे किंवा नाही, पाण्याचा रंग, वास, फेस, तरंगणारा कचरा, पाणवेलींचा विस्तार, मेलेले मासे, नाल्याच्या तोंडातील प्रवाह आणि फोटोंचे क्रमांक यावेत, आणि खाली दोघांच्या सह्या असाव्यात. धरणाच्या विसर्गाचा उल्लेख अनेकांना अनावश्यक वाटतो. पण वरून स्वच्छ पाणी सोडलेले असताना खालची घाण पातळ होते, आणि ते लिहिले नसेल तर पुढील आठवड्यात पाणी अचानक बिघडल्याचा खोटा निष्कर्ष आपणच काढतो.

जे दिसले ते लिहावे, जे वाटले ते लिहू नये. ‘कारखान्याचे रसायन सोडले’ ही नोंद नव्हे, आरोप आहे. ‘थांबा ४, सकाळी ५.४०, डाव्या काठावरील सिमेंटच्या पाइपमधून पिवळसर हिरवट पाणी, उग्र वास, पाइपच्या वर तसा रंग नाही’ ही नोंद आहे. पिवळसर छटा क्रोमियमची असू शकते, काळपट करडे पाणी आणि कुजक्या अंड्यांसारखा वास बहुधा प्राणवायू संपलेल्या मैलापाण्याचा असतो, परंतु रंगावरून रसायनाचे नाव ठरवणे हे प्रयोगशाळेचे काम आहे. फेसाबाबत विशेष जपावे. पाणी उंचावरून पडते तेथे पालापाचोळ्याच्या अंशानेही तपकिरी फेस येतो आणि तो लवकर विरतो. साबण-डिटर्जंटचा पांढरा फेस थरावर थर चढवत दूरपर्यंत वाहत जातो. किती अंतरापर्यंत फेस टिकला हे पावलांनी मोजून लिहिले, की कोणत्याही विशेषणाची गरज उरत नाही.

ज्या दिवशी काहीही वावगे दिसले नाही त्या दिवसाचीही नोंद तेवढ्याच काळजीने करावी. हा मुद्दा नव्या माणसाला पटवणे सर्वांत कठीण जाते. ‘काही आढळले नाही’ असे तीस वेळा प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या वहीने एकतिसाव्या वेळी ‘आढळले’ म्हटले, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ती वही बाजूला सारता येत नाही. शिवाय चार महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की वार आणि वेळ यांचा मेळ आपोआप दिसू लागतो.

पाइपमधील पाणी मोकळे खाली पडत असेल आणि काठावर सुरक्षित उभे राहता येत असेल, तर त्याचे मापही घेता येते. हातमोजे घालून, दोरी बांधलेली दहा लिटरची बादली पाइपखाली धरावी आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे. बादली चार सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला अडीच लिटर झाला, आणि तो दिवसभर तसाच राहिला तर दोन लाख सोळा हजार लिटर. ‘खूप पाणी सोडतात’ या वाक्याने जे साधत नाही ते या एका आकड्याने साधते.

फोटो दोन प्रकारचे घ्यावेत: एक दुरून, ज्यात पूल, इमारत किंवा ओळखीची खूण येईल, आणि दुसरा जवळून. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो आणि त्याच्यासोबतची वेळ व स्थळाची माहिती गळून पडते, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा आणि मूळ फाइल काढणाऱ्याच्या फोनमध्ये व आणखी एका ठिकाणी जपावी. प्रकरण पुढे न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते मूळ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याला देणे सोपे जाते. स्नान करणाऱ्या, कपडे धुणाऱ्या किंवा विधी करणाऱ्या व्यक्तींचे चेहरे कोणत्याही फोटोत येऊ देऊ नयेत.

पाणी मोजताना

डोळ्यांनी पाहण्याला थोडी मोजमापाची जोड द्यावी, पण मोजमापाच्या भरीस पडू नये. पीएचची पट्टी, साधा तापमापक आणि पेनासारखे टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, एवढे सुरुवातीला पुरते. टीडीएस मीटरचा आकडा एकटा फारसा बोलत नाही, परंतु वरच्या आणि खालच्या थांब्यांवरील आकड्यांत दर वेळी मोठी तफावत आढळली तर मधल्या तोंडातून क्षारयुक्त पाणी येत असल्याचा तो चांगला इशारा असतो.

स्नानयोग्य पाण्याचे निकष प्रत्येक सदस्याला पाठ असावेत: विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम, जैविक प्राणवायू मागणी, म्हणजेच बीओडी, ३ मिलिग्रॅमपर्यंत, पीएच ६.५ ते ८.५, आणि विष्ठाजन्य कॉलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असणे इष्ट तर २,५०० ही कमाल मर्यादा. प्राणवायूची मोजणी वेळेशी बांधलेली असते. शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी उन्हामुळे प्राणवायू वाढतो आणि पहाटेपर्यंत तो सर्वांत कमी होतो, त्यामुळे एका आठवड्याचा पहाटेचा आकडा आणि दुसऱ्या आठवड्याचा दुपारचा आकडा यांची तुलना करून काढलेला निष्कर्ष निरुपयोगी असतो.

तीन-चार महिन्यांतून एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासणी करून घ्यावी. नमुना घेताना तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला असावे, बाटली पृष्ठभागाखाली वीतभर बुडवून हवेचा बुडबुडा न राहता काठोकाठ भरावी, जिवाणू तपासणीसाठी प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली वापरावी, आणि बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर पोहोचवावी. बीओडीची चाचणी २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते, म्हणून अहवाल लगेच मागू नये. एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी: आपण घेतलेला नमुना खटल्यातील पुरावा म्हणून उभा राहत नाही. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने संबंधितास नोटीस देऊन घेतलेला, दोन भागांत विभागून मोहोरबंद केलेला नमुनाच त्यासाठी चालतो. आपल्या अहवालाचा उपयोग मंडळाने तसा नमुना घ्यावा यासाठी आहे, आणि त्या अर्थाने तो पुरेसा उपयोगी आहे.

कोणत्या दारी जावे

तक्रारी वाया जाण्याचे दुसरे मोठे कारण चुकीचा पत्ता हे असते. वस्तीतील ड्रेनेज, तुंबलेले चेंबर, पावसाळी गटारीत जोडलेले मैलापाणी आणि तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक येथील मलजल शुद्धीकरण केंद्रे हा महापालिकेचा विषय आहे. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील नाल्यांसाठी औद्योगिक विकास महामंडळाला आणि कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहावे. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय त्र्यंबक रस्त्यावर उद्योग भवनात आहे. धरण, विसर्ग आणि पूररेषा जलसंपदा विभागाकडे, वाळूचा अवैध उपसा तहसील कार्यालयाकडे, देवळालीच्या छावणी हद्दीतील पाणी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आणि नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य वन विभागाच्या वन्यजीव शाखेकडे येते. हद्दीचा संशय असेल तर एकाच अर्जाच्या प्रती दोघांना द्याव्यात आणि प्रत्येक प्रतीवर दुसऱ्याचे नाव लिहावे, म्हणजे आमच्याकडे येत नाही असे सांगून कोणालाही सुटता येत नाही.

अर्ज एका पानाचा, एकाच तोंडाविषयीचा असावा. थांब्याचा क्रमांक आणि खूण, किमान तीन वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदी, दोन फोटो, आणि शेवटी नेमकी मागणी: अमुक वारी, अमुक वेळेत पाहणी करावी, पाहणीच्या वेळी आम्हाला बोलवावे, आणि पंचनाम्याची प्रत द्यावी. अर्ज ईमेलने पाठवला तरी कागदी प्रत आवक-जावक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. ही पोच हरवली तर तक्रार हरवली असे समजावे. अर्जात ‘कठोर कारवाई करावी’ असे लिहिण्याचा मोह सर्वांना होतो. त्याऐवजी १९७४ च्या जल प्रदूषण अधिनियमाच्या कलम २४ अन्वये प्रवाहात प्रदूषक द्रव्य सोडण्यास मनाई असताना हे पाणी कोणत्या परवानगीने सोडले जाते, एवढा प्रश्न विचारावा. प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरावा. आपल्या राज्यात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो, विषय एकच असावा लागतो, मजकूर साधारण दीडशे शब्दांत बसवावा लागतो, आणि माहिती ३० दिवसांत मिळणे अपेक्षित असते. ‘माझ्या तक्रारीवर काय कारवाई केली’ असे मोघम विचारण्यापेक्षा त्या आवक क्रमांकावरील टिप्पणीची प्रत, पाहणी अहवाल, संबंधित आस्थापनेला मंडळाने दिलेले संमतीपत्र आणि शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे मागील सहा महिन्यांचे तपासणी अहवाल मागावेत. संमतीपत्रात किती सांडपाणी कोठे सोडायचे हे लिहिलेले असते, आणि वहीतील बादलीचा आकडा त्याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा असतो. कागदांचे निरीक्षण करण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. प्रत्यक्ष फाइल चाळताना जे सापडते ते अनेकदा मागितलेल्या प्रतींत नसते.

यापुढची पायरी महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणारा लोकशाही दिन, आणि त्यानंतर कायद्याची दारे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात; याच तरतुदीच्या जुन्या रूपावर १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पैसे नाहीत ही गटारे न बांधण्याची सबब होऊ शकत नाही, असे ठणकावले होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे, तेथे व्यक्ती स्वतः बाजू मांडू शकते, परंतु न्यायाधिकरणाच्या कायद्यातील कलम १४ खालील अर्ज वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. वहीतील पहिल्या नोंदीची तारीख येथे आपल्या विरोधातही जाऊ शकते, म्हणून कार्यालयांच्या उत्तरांची वाट पाहत वर्ष काढू नये. गोदावरीच्या प्रदूषणाविषयी मुंबई उच्च न्यायालयात २०१२ मध्ये जनहित याचिका दाखल झाली आणि तिच्यात वेळोवेळी आदेश झाले आहेत. ते वाचून ठेवावेत, कारण ज्याचा आदेश आधीच झाला आहे त्याची मागणी नव्याने करण्यापेक्षा त्याच्या अंमलबजावणीचा अहवाल मागणे सोपे असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत सोमेश्वर मंदिरापासून खालची गोदावरी आहे, हे वाक्य आम्ही प्रत्येक अर्जाच्या सुरुवातीला घालतो. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, आणि त्यासाठी काठावर चाललेल्या कामांची माती व राडारोडा पात्रात ढकलला जातो किंवा नाही, हा आणखी एक रकाना सध्या वहीत वाढवावा.

जिवाला जपून

एकट्याने गस्तीला जाऊ नये आणि अंधारात मुळीच जाऊ नये. पाण्यात उतरू नये, शेवाळलेल्या पायऱ्यांवर नमुना घेण्यासाठी वाकू नये, आणि उघड्या चेंबरमध्ये डोके घालून पाहू नये. त्यातील वायूने क्षणात शुद्ध हरपते आणि वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही दगावतो. पायात गमबूट असावेत, जखम असेल तर त्या दिवशी पाळी बदलून घ्यावी, धनुर्वाताची लस घेतलेली असावी, आणि फेरीनंतर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपण सांडपाण्याच्या काठावर जातो हे आवर्जून सांगावे, कारण लेप्टोस्पायरोसिसचा विचार त्यांच्या मनात लवकर येईल.

टँकर पात्रात रिकामा होताना दिसला तर गाडी अडवू नये. क्रमांक, वेळ, ठिकाण आणि दुरून फोटो एवढे घेऊन मागे फिरावे आणि ११२ वर कळवावे. कारखान्याच्या किंवा शुद्धीकरण केंद्राच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकू नये. आत काय चालते हे पाहण्याचा अधिकार मंडळाच्या अधिकाऱ्याला आहे, आपल्याला नाही, आणि एकदा अतिक्रमणाची तक्रार झाली की चर्चा पाण्याची राहत नाही.

पावसाळ्यातील फेरी

वर्षातील सर्वांत महत्त्वाची फेरी पहिल्या मोठ्या पावसानंतरची असते. उन्हाळाभर नाल्यांत साचलेला गाळ तेव्हा एकदम वाहून येतो, पावसाळी गटारीला चोरून जोडलेले मैलापाणी उघडे पडते, आणि वाढलेल्या पाण्याच्या आडून काही जण साठवलेले सांडपाणी सोडून देतात. त्या आठवड्यात रोज फेरी घालावी आणि विशेषतः मेलेले मासे पाहावेत. कोणत्या थांब्यापासून ते दिसू लागतात हे लिहिले तर उगम शोधायला निम्मे काम होते. पाणवेलींचा पुंजका कोणत्या पुलाला अडकला तेही लिहावे, कारण तोच पुंजका पुढे सायखेड्याच्या पुलाशी जाऊन पुराचे पाणी तुंबवतो. तेथील आणि चांदोरीच्या एक-दोन शेतकऱ्यांचे क्रमांक गटाकडे असावेत आणि आपले त्यांच्याकडे. वर काय सोडले हे त्यांना आणि खाली काय पोहोचले हे आपल्याला कळते.

विसर्ग वाढला की गस्त बंद ठेवावी. गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी चढले हे पाहून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. आमचा नियम असा की पाणी मारुतीच्या पायांना लागले की त्या दिवशी कोणीही थांब्यावर जायचे नाही. पूर ओसरल्यानंतरची पहिली फेरी मात्र चुकवू नये. झाडांवर व कठड्यांवर अडकलेल्या चिंध्या आणि प्लास्टिक किती उंचीवर आहे ते टेपने मोजावे, निळ्या व लाल पूररेषेच्या खुणांशी ताडून पाहावे, कोणत्या चेंबरची झाकणे वाहून गेली आणि कोणते थांबे गाळाखाली गेले ते लिहावे, आणि गेलेल्या थांब्याच्या जागी नवा थांबा निवडून त्याला जुना क्रमांक न देता पुढचा क्रमांक द्यावा.